बारावी सायन्स आणि संध्याकाळची तालीम

मराठी नाटकाच्या जाहिरातीत नटाच्या नावाआधी ‘डॉ.’ छापलेलं पाहून आपल्याकडे कोणी दचकत नाही. डॉ. श्रीराम लागू, डॉ. काशिनाथ घाणेकर, डॉ. मोहन आगाशे, डॉ. शरद भुताडिया, डॉ. गिरीश ओक, अलीकडचे डॉ. अमोल कोल्हे आणि डॉ. निलेश साबळे. पडद्यामागे दिग्दर्शकाच्या खुर्चीत डॉ. जब्बार पटेल. घाणेकरांच्या बाबतीत तर श्रेयनामावलीच्या शेवटी ‘आणि… डॉ. काशिनाथ घाणेकर’ असं येणं हाच नाटकाच्या खपाचा मंत्र होता. पुढे २०१८ साली त्यांच्यावरच्या चित्रपटाला तेच नाव मिळालं.

बारावी सायन्सला असलेला मुलगा किंवा मुलगी एक दिवस घरात ‘मला अभिनय करायचाय’ म्हणते, तेव्हा हीच यादी बाहेर निघते. मुलगी म्हणते, बघा, सायन्सवाल्यांनीच नाटक गाजवलं. बाबा म्हणतात, बघ, आधी डॉक्टर झाले, मग नाटक. यादी एक, अर्थ दोन. माझ्या मते दोघंही ती घाईघाईत वाचतात. या मंडळींना वैद्यकीने काय दिलं आणि आजच्या सायन्सवाल्याला ते मिळतं का, हा खरा प्रश्न आहे आणि तो कोणी विचारत नाही.

आधी सायन्स घेण्याचीच गोष्ट. दहावीनंतर ‘सायन्स घे, सगळे रस्ते मोकळे राहतात’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत म्हटलं जातं, आणि नियमांपुरतं ते खरंही आहे. बारावी सायन्स झालेल्याला बी.ए.ला प्रवेश मिळतो, नाट्यशास्त्राला मिळतो, कायद्याला मिळतो. बारावी आर्ट्स झालेल्याला इंजिनिअरिंग किंवा मेडिकलचा अर्जही भरता येत नाही. वाहतूक अशी एकाच दिशेने चालते म्हटल्यावर, ज्याचं अजून काही ठरलेलं नाही त्याने सायन्स घेणं यात वेडेपणा नाही. नाट्यशिक्षणाच्या मोठ्या संस्थांनाही तुमची शाखा कोणती याच्याशी कर्तव्य नसतं. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय पदवी मागतं, कोणत्याही विषयाची. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या अभिनय अभ्यासक्रमाचंही तसंच. म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन बारावी झालेल्या मुलापुढे कागदावर कोणतीही भिंत नाही.

नुकसान होतं ते दुसरीकडे, आणि त्याचा हिशोब क्वचितच कोणी मांडतं. एक म्हणजे वेळ. अकरावी-बारावीची दोन वर्षं कॉलेजात जात नाहीत, क्लासमध्ये जातात. जेईई, नीट किंवा सीईटीच्या तयारीत मुलगा सकाळी बाहेर पडतो आणि रात्री घरी येतो. शाळेत आठवीपर्यंत नाट्यवाचन आणि स्नेहसंमेलनं गाजवणारी मुलं या दोन वर्षांत रंगमंचावर पाऊल ठेवत नाहीत.

दुसरं नुकसान भाषेचं आहे, आणि मला ते जास्त गंभीर वाटतं. महाराष्ट्र बोर्डात सायन्सच्या मुलाला दुसऱ्या भाषेऐवजी आयटी हा विषय घेता येतो. गुण चांगले पडतात, अभ्यास कमी लागतो, म्हणून मुलं मराठी सोडून तो घेतात. क्लासवालेही तोच सल्ला देतात. परिणाम असा की ज्या वयात नटाने कविता मोठ्याने म्हणायच्या, नाटकं वाचायची, लांब वाक्याचा श्वास कुठे तोडायचा हे शिकायचं, त्या वयात मराठी छापील पान त्याच्या हातात येतच नाही. पुढे वीस-बाविसाव्या वर्षी हा मुलगा ऑडिशनला उभा राहतो. चेहरा बोलका असतो, शरीर मोकळं असतं, पण ‘ळ’ आणि ‘ल’, ‘च’चे दोन उच्चार आणि वाक्याचा शेवट गिळण्याची सवय लगेच उघडी पडते. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. रोज अर्धा तास मोठ्याने वाचन. पण तो बारावीनंतर नव्हे, बारावीत असतानाच सुरू करावा लागतो.

आता त्या यादीकडे वळू. मराठी रंगभूमीवरची डॉक्टर मंडळी कुठून आली हे पाहिलं तर बोट बराच वेळ पुण्यावर थांबतं, आणि त्यातही बी.जे. मेडिकल कॉलेजवर. लागू तिथले, जब्बार पटेल तिथले, आगाशे तिथले. ‘महानिर्वाण’चे लेखक सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे एम.एस्सी., आणि नोकरीला त्याच कॉलेजात. भालबा केळकर विज्ञानाचे प्राध्यापक, विज्ञानावर लिहिणारे, आणि प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन म्हणजे पीडीए या नाट्यसंस्थेचे आधारस्तंभ. १६ डिसेंबर १९७२ रोजी पीडीएने विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणलं तेव्हा दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ होते आणि नाना फडणवीस साकारणारे आगाशे मानसोपचाराचे डॉक्टर. त्यानंतर याच मंडळींनी १९७३ साली थिएटर अकॅडमी काढली.

विज्ञानाचं आणि अभिनयाचं काही गूढ नातं आहे, असं यावरून काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. कारण बरंच साधं आहे. मेडिकलचा विद्यार्थी एका आवारात साडेपाच वर्षं आणि पुढे शिकला तर त्याहून जास्त काळ राहतो. वसतिगृहात राहतो. गॅदरिंग, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि राज्य नाट्य स्पर्धा यांतून त्याला सलग सात-आठ वर्षं एकाच कंपूबरोबर काम करायला मिळतं. कोणत्याही नाट्यसंस्थेला हवा असतो तो हाच, एकमेकांना ओळखणारा आणि पळून न जाणारा गट. आणि शिक्षण संपलं की डॉक्टर स्वतःचा दवाखाना टाकतो. त्या दवाखान्याची पाटी त्याच्या हातात असते. संध्याकाळी साडेसहाला तालीम असेल तर तो दवाखान्याची वेळ पाचपर्यंत ठेवू शकतो. जब्बार पटेलांचा दवाखाना दौंडला होता आणि तालमी पुण्यात, तरी हे जमलं. कोल्हापुरात शरद भुताडियांनी डॉक्टर म्हणून काम करत असतानाच ‘प्रत्यय’ ही संस्था चालवली आणि विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेला ‘राजा लिअर’ उभा केला. मुंबईला जायची गरजच पडली नाही.

वैद्यकीने या लोकांना दिली ती संध्याकाळ. बुद्धी, निरीक्षण, शिस्त हे सगळं नंतर लावलेलं लेबल.

हे फक्त डॉक्टरांनाच मिळत होतं असंही नाही. एका पिढीच्या मराठी नटांचा खरा आश्रयदाता म्हणजे बँक, महापालिका, बेस्ट, टपाल खातं, सरकारी कचेरी. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते. शरद पोंक्षे बेस्टमध्ये होते. दिलीप प्रभावळकर एम.एस्सी. करून औषध कंपनीत नोकरीला होते आणि नाटक, लेखन सोबत चालू होतं. साडेपाचला सुटायचं, सातला छबिलदासच्या शाळेत किंवा एखाद्या कार्यालयाच्या हॉलमध्ये तालमीला पोचायचं, साडेदहाची लोकल पकडायची. समांतर रंगभूमी म्हणून ज्याचा आपण अभिमान बाळगतो ती मोठ्या प्रमाणात या पाच-तीसच्या हजेरीपटावर उभी होती. समीक्षकांनी तिच्या आशयावर ग्रंथ लिहिले, पण तिच्या वेळापत्रकावर फार कोणी लिहिलेलं नाही.

आणि नेमकं तेच वेळापत्रक आता मोडलं आहे. आजचा सायन्सवाला बहुतेक वेळा इंजिनिअर होतो आणि इंजिनिअर बहुतेक वेळा आयटीत जातो. हिंजवडीतून रात्री आठला निघणारा किंवा अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे मीटिंगला बसणारा माणूस सातच्या तालमीला पोचत नाही. त्याला पगार बरा मिळतो. संध्याकाळ मात्र मिळत नाही. त्यामुळे ‘लागूंनी कसं आधी शिक्षण पूर्ण केलं’ हा दाखला देताना पालकांनी एवढं तपासावं की आपण मुलाला जे शिकायला लावतो आहोत त्यातून त्याच्या हाती संध्याकाळ येणार आहे का. नसेल तर ती लागूंची वाट नव्हे.

खुद्द लागूंची वाटही घरोघरी सांगितली जाते तितकी सरळ नव्हती. ते कान-नाक-घशाचे सर्जन. पुण्यात काम केलं, परदेशात शिकले, टांझानियात ताबोरा इथे नोकरी केली. पन्नासच्या दशकापासून हौशी रंगभूमीवर होते. पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं ते १९६९ साली, वयाची चाळिशी ओलांडल्यावर. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आलं. म्हणजे ज्याला आपण धाडसी उडी म्हणतो तिच्यामागे जवळजवळ दोन दशकांची तालीम होती. शिवाय उडी फसली असती तर परत जायला शस्त्रक्रियेची टेबलं होतीच. आज एकविसाव्या वर्षी पहिल्या मालिकेसाठी शिक्षण सोडणाऱ्या मुलाने लागूंचं नाव घेऊ नये, आणि एकविसाव्या वर्षी मुलाला अडवणाऱ्या बापानेही घेऊ नये. दोघांचीही परिस्थिती वेगळी आहे.

इंजिनिअरिंगच्या वाटेने आलेल्यांचा अनुभव वेगळा आणि अलीकडचा. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरी सुरू होते आणि ‘अरे आव्वाज कुणाचा’ची आरोळी सदाशिव पेठेत ऐकू येते. या स्पर्धेत इंजिनिअरिंग कॉलेजं अनेक वर्षं ठामपणे उभी आहेत. ज्या आवारात नाट्यशास्त्राचा एक तासही शिकवला जात नाही, तिथे मुलं वर्कशॉपमधून आणलेल्या सामानाने नेपथ्य उभारतात, प्रकाशयोजनेचं सर्किट स्वतः जोडतात आणि हजेरीच्या ७५ टक्क्यांसाठी प्राध्यापकांपुढे हात जोडतात. परीक्षक इथे हयगय करत नाहीत. २०२२ साली तर योग्यतेची एकांकिका नाही म्हणून करंडक कोणालाच दिला गेला नाही. माझ्या मते महाराष्ट्रातल्या सायन्सच्या मुलासाठी याहून स्वस्त आणि खरं नाट्यविद्यालय दुसरं नाही. मुंबईकडे आयएनटीची (इंडियन नॅशनल थिएटर) एकांकिका स्पर्धा, विद्यापीठाचा युवा महोत्सव आणि २५ जानेवारीच्या रात्री रंगणारी चतुरंगची ‘सवाई एकांकिका’ हे काम करतात. कॉलेज निवडताना प्लेसमेंटचे आकडे सगळेच पाहतात. ज्याला अभिनय करायचा आहे त्याने त्या कॉलेजची एकांकिका कोण बसवतं हेही विचारावं.

या वाटेवरची नावं घ्यायची तर गिरीश कुलकर्णी मेकॅनिकल इंजिनिअर. उमेश कुलकर्णींबरोबर ‘वळू’ आणि ‘देऊळ’ लिहिले, त्यात काम केलं आणि ‘देऊळ’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. सोनू सूद नागपूरच्या यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालयातले इलेक्ट्रॉनिक्सवाले. विकी कौशल मुंबईत इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनची पदवी घेऊन, नोकरी न धरता, अनुराग कश्यपच्या ‘गँग्स ऑफ वासेपूर’वर साहाय्यक म्हणून उभा राहिला. त्याचा ‘मसान’ २०१५ चा. आर. माधवन कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकला. पुढे ‘थ्री इडियट्स’मध्ये त्याने इंजिनिअरिंग सोडून छायाचित्रकार होणाऱ्या मुलाची भूमिका केली, आणि २०२२ साली ‘रॉकेट्री’ लिहून, दिग्दर्शित करून त्यात शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांची भूमिकाही केली. जितेंद्र कुमार खरगपूर आयआयटीचा सिव्हिल इंजिनिअर. त्याला वाट मिळाली ती नाट्यगृहातून नव्हे, यूट्यूबवरच्या टीव्हीएफमधून, आणि ‘कोटा फॅक्टरी’त तो भौतिकशास्त्राचाच मास्तर झाला. सुशांतसिंह राजपूत दिल्लीत मेकॅनिकल शिकत होता. त्याने पदवी पूर्ण न करताच नाच आणि नाटक धरलं.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलकी वाटते ती नवाजुद्दीन सिद्दीकीची तारीखवार हकिगत. हरिद्वारच्या गुरुकुल कांगडी विद्यापीठातून रसायनशास्त्रात बी.एस्सी., बडोद्यात केमिस्ट म्हणून काही काळ नोकरी, मग दिल्लीत नाटक, १९९६ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर. १९९९ च्या ‘सरफरोश’मध्ये चौकशीच्या एका दृश्यापुरता दिसला. लोकांनी नावाने ओळखायला २०१२ उजाडलं, ‘कहानी’ आणि ‘वासेपूर’ येईपर्यंत. देशातल्या सर्वोत्तम नाट्यशाळेतून शिकून निघालेल्या, असामान्य ताकदीच्या नटाला सोळा वर्षं. ही सोळा वर्षं कोणी, कशाच्या जोरावर काढायची, हा या क्षेत्रातला मुख्य प्रश्न आहे. बारावीला कोणता ग्रुप घेतला हा नव्हे.

आणखी एक गोष्ट अशा याद्या वाचताना विसरू नये. यात फक्त पोचलेल्यांची नावं आहेत. इंजिनिअरिंग सोडून अंधेरीत गेलेले आणि पाच वर्षांनी परत आलेले, किंवा परत यायलाही लाजलेले, यांची यादी कोणी छापत नाही. ती निश्चितच लांब आहे. डॉक्टर-नटांच्या यादीत बायका जवळजवळ नाहीत, हेही बघण्यासारखं आहे. मेडिकलला मुलीही होत्या. पण रात्रीचा प्रयोग, दौऱ्याची बस, पहाटे घरी येणं आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना हे पुरुष डॉक्टरला घरच्यांच्या, बहुतेक वेळा बायकोच्या, आधाराने जमलं. तसा आधार डॉक्टर बाईला कोण देणार होतं? दक्षिणेत साई पल्लवीने जॉर्जियात तिबिलिसी इथे वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच चित्रपट केले आणि पदवीही पूर्ण केली. आपल्याकडे गिरिजा ओकने बायोटेक्नॉलॉजी शिकून अभिनय धरला. चित्र हळूहळू बदलतं आहे, पण मुलीच्या बाबतीत घरातला प्रश्न करिअरचा कमी आणि रात्री घरी कधी येणार याचा जास्त असतो. तो थेट बोलून सोडवावा, अभ्यासाच्या आड लपवू नये.

विज्ञानाचा अभिनयाला फायदा होतो का? मुलाखतींमधून नटमंडळी ‘प्रयोगशाळेत निरीक्षण शिकलो’ वगैरे सांगतात. मला ते फारसं पटत नाही. टायट्रेशनमध्ये रंग कधी बदलतो हे बघण्यात आणि एसटीच्या रांगेतल्या म्हातारीचे हात बघण्यात साम्य शोधता येईल, पण शाळेतल्या विज्ञानाने तेवढं निरीक्षण शिकवलं असतं तर आपल्याकडे नटांचा सुकाळ झाला असता. अपवाद आहेत. आगाशेंचा मानसोपचार आणि त्यांचा अभिनय हे एकमेकांशी बोलत राहिले. ‘अस्तु’ आणि ‘कासव’ या चित्रपटांच्या मागे ते उभे राहिले ते मनाच्या आजारांबद्दल लोकांशी बोलायचं म्हणून, आणि ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. लागूंचा विवेकवाद, देवाला निवृत्त करा म्हणण्याइतका रोखठोक, त्यांच्या वैज्ञानिक घडणीतून आला असं म्हणायला जागा आहे. पण हे दोघं विज्ञानात खोल उतरलेले लोक होते. बारावीपर्यंतच्या विज्ञानाने एवढं होत नाही.

शिकायचं कुठे, हे थोडक्यात. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झालं. तिथे बारावीनंतर नाटकाची पदवी घेता येते आणि शाखेची अट नाही. मुक्ता बर्वे तिथलीच. या केंद्राचं प्रमुखपद १९९६ पासून बरीच वर्षं सतीश आळेकरांकडे होतं, म्हणजे एका जीवरसायनशास्त्रज्ञाने नटांच्या पिढ्या घडवल्या. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स कलिन्यात आहे, तिथे पदवीनंतर दोन वर्षांचं शिक्षण मिळतं. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने मराठवाड्यातल्या मुलांना आपली बोली घेऊन रंगमंचावर उभं राहायला शिकवलं. गोव्यात पणजीची कला अकादमी आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षं, विद्यावेतनासह, पण जागा मोजक्या. अर्ज करताना पदवी आणि आधी केलेल्या नाटकांचा अनुभव दोन्ही लागतात, म्हणून कॉलेजातल्या एकांकिकांची प्रमाणपत्रं जपून ठेवावीत. फिल्म इन्स्टिट्यूटचा अभिनय अभ्यासक्रम सत्तरच्या दशकात बंद पडला होता, या शतकात तो पुन्हा सुरू झाला. ज्याची पदवी मध्येच सुटली आहे त्याच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. तिथून पदवी घेतली म्हणून या दरवाजांवर कोणी अडवत नाही. तीन महिन्यांत ‘पडद्यासाठी तयार’ करणाऱ्या खासगी वर्गांबद्दल एवढंच म्हणेन, की तिथे जाण्याआधी ते ज्यांनी चालवले आहेत त्यांचं स्वतःचं काम पाहून घ्या.

आता पैशाचं बोलू. ते सहसा कोणी बोलत नाही. प्रायोगिक नाटकात मानधन मिळालं तर प्रवासखर्च सुटतो. व्यावसायिक नाटकात नटाला प्रयोगागणिक पैसे मिळतात, त्याला ‘नाइट’ म्हणतात. नव्या नटाची नाइट लहान असते आणि महिन्यात किती प्रयोग लागतील हे त्याच्या हातात नसतं. मालिकेत ‘पर डे’ ठरतो. बारा-तेरा तासांची शिफ्ट, आणि पैसे काम केल्यावर साधारण नव्वद दिवसांनी हातात येतात. म्हणजे मालिका मिळाली तरी पहिले तीन महिने घरभाडं तुमच्याच खिशातून. अंधेरी-वर्सोव्याच्या आरामनगरात कास्टिंगची कार्यालयं आहेत. हल्ली निम्मी ऑडिशन मोबाइलवर सेल्फ टेप पाठवून होते, त्यामुळे पहिल्याच दिवशी मुंबईत खोली घ्यायची गरज उरलेली नाही. ऑडिशनसाठी किंवा निवडीसाठी जो पैसे मागतो तो फसवतो आहे, हे डोळे झाकून धरावं. मराठी मालिका आता सातारा, कोल्हापूर, नाशिक या भागांतही चित्रित होतात. ‘लागिरं झालं जी’ने साताऱ्याकडची आणि ‘तुझ्यात जीव रंगला’ने कोल्हापूरकडची बोली घरोघर नेली. जिल्ह्याच्या गावातल्या नटाला यातून एक दार उघडलं, जे नव्वदच्या दशकात नव्हतं.

तर मग पाठीशी काय ठेवायचं? ‘आधी डिग्री, मग नाटक’ यातली डिग्री जर चार वर्षांनी न वापरता कपाटात जाणार असेल, तर तो विमा नव्हे, फक्त चार वर्षांचा खर्च आहे. पाठीशी हवा असा हातखंडा ज्याचे पैसे तुकड्यातुकड्याने मिळतात आणि ज्याची वेळ आपण ठरवू शकतो. सायन्सवाल्याकडे तो असतो, फक्त त्याला तो क्षुल्लक वाटतो. अकरावी-बारावीच्या गणित-भौतिकशास्त्राच्या शिकवण्या हा धडपडणाऱ्या नटाचा सर्वांत भरवशाचा मित्र. सकाळच्या बॅचेस घ्याव्यात, संध्याकाळ तालमीला ठेवावी. घरून करता येण्यासारखं सुटं प्रोग्रॅमिंग, तांत्रिक भाषांतर आणि डबिंग ही कामंही तशीच. डबिंगमध्ये तर उच्चार सुधारतात आणि पैसेही मिळतात. फार्मसी झालेली मुलगी औषधाच्या दुकानात अर्धवेळ काम करू शकते, फिजिओथेरपी झालेली घरोघरी जाऊन रुग्ण पाहू शकते. बारावीनंतर पदवी निवडताना पगाराच्या आकड्याबरोबर हा प्रश्न विचारला तर निवडच बदलेल. ज्याला खात्री आहे त्याने चार वर्षांच्या इंजिनिअरिंगऐवजी तीन वर्षांचं बी.एस्सी. घ्यावं, असं मी बिनदिक्कत सांगेन. एक वर्ष वाचतं आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला त्याने फरक पडत नाही.

घरातली बोलणी कशी व्हावीत याचा नमुना देता येत नाही, पण एक गोष्ट आकड्यात ठरवावी. किती वर्षं घरून किती मदत मिळेल, आणि त्या मुदतीत काय झालं तर पुढे जायचं. ‘बघू’ या शब्दावर चाललेल्या घरात तिशीनंतर कडूपणा येतो. मुदत ठरलेली असेल तर परत येणंही पराभव ठरत नाही. हौशी रंगभूमी अजून जिवंत आहे, राज्य नाट्य स्पर्धा दरवर्षी होते, आणि कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, अकोला इथे दिवसा आपलं काम करून रात्री उत्तम अभिनय करणारी माणसं आहेत. त्यांना अपयशी नट म्हणणं हा आपला उद्धटपणा आहे.

शेवटी एक विनंती, आणि ती मुलांना किंवा पालकांना नाही, सायन्स आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्राचार्यांना आहे. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत सभागृहाची किल्ली रात्री नऊपर्यंत मुलांकडे राहू द्या, एकांकिकेच्या तालमीचे दिवस हजेरीत धरा, आणि बारावीच्या वर्गांना मराठी सोडून आयटी घ्यायचा आग्रह धरू नका. यासाठी शासनाच्या परिपत्रकाची किंवा नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीची वाट बघायची गरज नाही.